पेनड्राइव्हवरचं माकड

"कुणाचा विश्वास बसणार नाही, पण माकडानं पेनड्राइव्ह थेट दाढेखाली घेतला," शरदराव म्हणाले आणि बायकोच्या हातावर आणखी थोडा साबण चोळू लागले.

चारुलताबाईंची बांगडी अंगठ्याच्या हाडाशी अडली होती. एमआरआयला धातूचं काही अंगावर चालत नाही. मागच्या खेपेला त्या बोगद्यात त्यांचा जीव इतका घाबरला होता, की घरी येईपर्यंत त्यांनी नवऱ्याची बाही सोडली नव्हती. आज पुन्हा तेच. पुण्याच्या डॉक्टरांचा निरोप होता: शरदरावांनी पेनड्राइव्हवरून पाठवलेला मेंदूचा स्कॅन उघडत नाही, ऑपरेशनचं ठरवायचं तर स्कॅन पुन्हा करा. सेंटरकडे प्रत उरली नव्हती.

"इथं, विकास नगरात माकड?"

"मलिहाबादचं असणार. दशहरी आंब्यांच्या ट्रकमधून आलेलं. एक आंबा दिला तेव्हा कुठे सौदा पटला. वर पेनड्राइव्ह परत देताना सलाम ठोकला. लखनौचं ना!"

एरवी त्या हसल्या असत्या.

"तुम्ही दाराशीच थांबाल ना?"

शरदरावांनी मान हलवली. साबण कधीच विरघळला होता, तरी ते हात चोळत राहिले. बांगडी निघाली, मनगटावर लाल ओरखडा उठला. त्यांनी तो धोतराच्या सोग्यानं पुसला, मग उगाच पुन्हा पुसला.

टेबलापाशी नात अनन्या लॅपटॉपला तो पेनड्राइव्ह लावून बसली होती.

"आजोबा, इन सब फाइलों के नाम के आखिर में .jpg क्यों है? स्कॅनची फाइल .dcm होती है."

"लाळ शिरली असेल आत."

"लार से नाम बदलता है?"

"आता त्या माकडाचं डोकं..."

"किसी ने सोचा होगा, .jpg लिख दो तो फोटो बन जाएगी. नाम बदलून आतलं थोडंच बदलतं! डॉक्टर का सॉफ्टवेअर उसे फोटो समझकर खोलता रहा."

तिनं शेवटची अक्षरं खोडून .dcm लिहिलं. पडद्यावर राखाडी मेंदूचा काप उमटला.

"खुल गया, आजी! जायची गरज नाही."

चारुलताबाई पडद्याकडे गेल्याच नाहीत. ओला हात पदरात धरून त्या नवऱ्याकडे बघत राहिल्या.

"बघा, मी म्हणत होतो ना, सलाम करतानाच त्यानं डोळा मिचकावला..."

"अहो," त्या म्हणाल्या, "माकड नव्हतंच ना?"