सात नंबरचा गुलाब

१९८३ च्या दिवाळीत जयवंता गजघाटेनं सीताबर्डीवरच्या एका दुकानातून स्वेटर विणायचं मशीन विकत घेतलं. निदान तिची तशी समजूत होती.

नवरा कवडू हिंगण्याच्या एका कारखान्यात पत्रे कापायच्या कामाला होता. त्याचा बोनस आणि जयवंताची भिशी एकत्र करून मशीन घरी आलं. दोनशे सुयांचं, टेबलाएवढं लांब. सोबत प्लास्टिकची बारा कार्डं. प्रत्येक कार्डावर बारीक भोकं पाडलेली. कार्ड मशीनमध्ये अडकवायचं, मूठ इकडून तिकडे सरकवायची, की नक्षी आपोआप लोकरीत उतरायची. तीन नंबरच्या कार्डात बदकं होती, पाचमध्ये बर्फाची फुलं. बर्फाचं नागपूरकरांना फारसं कौतुक नव्हतं. सात नंबरच्या गुलाबाला मात्र तोड नव्हती.

"बाई, आता हे सगळं तुमचं," दुकानातला विक्रेता म्हणाला होता आणि त्यानं 'ऊर्णा निटिंग कंपनी'चा इंग्रजी फॉर्म पुढे सरकवला होता. दोन्ही बाजूंनी छापलेला, मुंग्यांच्या रांगांसारख्या अक्षरांचा.

"काय लिहिलं आहे जी याच्यात?" जयवंतानं विचारलं.

"काही नाही, फॉर्म्यालिटी."

एवढ्या चार पानांत कंपनीनं काहीच लिहिलेलं नाही, हे ऐकून तिनं निर्धास्तपणे पाच ठिकाणी सही केली.

त्या वर्षी थंडी कडाक्याची पडली. इंदोऱ्यातल्या त्यांच्या गल्लीत आधी शेजारच्या कांताबाईनं गुलाबाचा स्वेटर विणून घेतला, मग तिच्या नणंदेनं, मग नणंदेच्या जावेनं. डिसेंबर संपेपर्यंत गल्लीत इतके गुलाब फुलले, की बाहेरच्या माणसाला ही एखादी शाळा आहे आणि म्हातारेकोतारे सगळे तिथेच शिकतात असं वाटावं. जयवंता पहाटेपासून मूठ सरकवायची. आयुष्यात पहिल्यांदाच लोक तिला 'कवडूची बायको' सोडून 'मशीनवाली' म्हणायला लागले. तिला ते मनापासून आवडत होतं.

घोटाळा केला कांताबाईनं, तोही अगदी प्रेमानं. ती लोकर आणायला बर्डीवरच्या त्याच दुकानात गेली, अंगात गुलाबाचा स्वेटर घालून. तिथं कंपनीचे विभागीय प्रतिनिधी मधुसूदन देवपुजारी बसले होते. नागपूरच्या महाल भागातले गृहस्थ, काळी बॅग, काळजीपूर्वक घडी घातलेला मफलर.

"छान आहे स्वेटर. घरी विणलात?" त्यांनी विचारलं.

"मी कायले विणतो जी? आमच्या जयवंतानं विणलं. तुमालेही पायजे काय?" आणि कांताबाईनं पूर्ण पत्ता सांगितला, कोणत्या नळाजवळ वळायचं ते धरून.

पुढच्या रविवारी देवपुजारी वही घेऊन हजर झाले. जयवंतानं कौतुकानं चहा ठेवला. तिला वाटलं, कंपनीचा माणूस मशीन नीट चालतं का ते पाहायला आला.

"बाई, तुम्ही कार्डांचा धंदा करून राहिल्या म्हणे?"

"धंदा कसला जी? स्वेटर विणून राहिली."

देवपुजारींनी बॅगेतून तोच फॉर्म काढला. गल्लीत इंग्रजी वाचणारं एकच माणूस होतं, पोस्टातून निवृत्त झालेले आनंदराव. त्यांना बोलावणं गेलं. आनंदरावांनी चष्मा पुसला आणि वाचत वाचत मराठीत सांगायला लागले. मशीन गिऱ्हाइकाचं. कार्डं कंपनीची. गिऱ्हाइकानं जे पैसे दिले ते कार्डांचे नव्हेत, कार्डं वापरायच्या परवानगीचे. परवानगी फक्त स्वतःच्या आणि कुटुंबीयांच्या कपड्यांपुरती. कार्ड कोणाला विकायचं नाही, उसनं द्यायचं नाही, त्याची नक्कल करायची नाही. आणि कंपनीला वाटेल तेव्हा, कारण न सांगता, ती परवानगी काढून घेता येईल.

"म्हंजे मी इकत काय घेतलं?" जयवंतानं विचारलं.

आनंदरावांनी फॉर्म उलटसुलट करून पाहिला. "इथं तं समाधान लिहिलं आहे, बाई. ग्राहकाचं समाधान हेच आमचं ध्येय."

तेवढ्यात दारातून कांताबाई डोकावली. मामला काय आहे ते तिला क्षणात कळलं आणि आपल्याच जिभेनं काय केलं तेही. "साहेब," ती पुढे होत म्हणाली, "हे सगळं कुटुंबच होय. मी तिची बहीण."

"सख्खी?"

"मंग काय सावत्र?"

देवपुजारींनी वहीत लिहिलं: बहीण एक. मग त्यांनी बाहेर येऊन गल्लीत उभ्या असलेल्या प्रत्येक गुलाबाकडे बोट दाखवायला सुरुवात केली. भीमाबाई मावशी निघाली. बळीराम एसटीत कंडक्टर होता, तो भाऊ निघाला. देवाजी मामाजी निघाले. सुभद्रा आत्या निघाली, आणि तिच्या कडेवरचं पोर भाचं की नातू यावर थोडा वाद झाला. कोणी खोटं बोलत नव्हतं, हाक मारायची ती नाती हीच होती. देवपुजारींनी अर्ध्या तासात सदतीस नातेवाईक नोंदवले. एवढं मोठं कुटुंब त्यांच्या कंपनीच्या कोणत्याच रकान्यात मावत नव्हतं.

"आणि हे?" त्यांनी गल्लीत शिरणाऱ्या पोस्टमनकडे पाहिलं. खाकी कोटाच्या उघड्या गुंड्यांतून अर्धा गुलाब दिसत होता.

रामाजी पोस्टमनला काही माहीत नव्हतं. "मी? मी टपाल आणतो जी."

"आणि स्वेटर?"

"स्वेटर बाईपासून इकत घेतलं. रोख," रामाजी अभिमानानं म्हणाला. सरकारी माणूस, उधारी ठेवत नसे.

कांताबाईनं कपाळाला हात लावला. देवपुजारींनी पेनाचं टोपण उघडलं, वहीत 'रोख' असं लिहिलं आणि त्या एका शब्दाखाली दोनदा रेघ मारली.

कार्डं त्यांनी मोजून बॅगेत ठेवली. जयवंता मशीनजवळ उभी होती. "मंग मशीनही न्या, अन् माहे पैसे द्या."

"मशीन कसं नेणार? मशीन तुम्ही विकत घेतलं आहे."

"कार्डाबिगर ते साधं विणते जी."

"साधं विणायला कंपनीची काही हरकत नाही," देवपुजारी उदारपणे म्हणाले.

"अन् हे विणलेले?" तिनं गल्लीकडे हात केला. "लोकर आमची, फूल तुमचं. उसवून देऊ काय फूल?"

त्यावर फॉर्ममध्ये काही लिहिलेलं नव्हतं, म्हणून त्यांनी कप उचलला. चहा संपवला.

कवडू ड्यूटीवरून आला तेव्हा जयवंता मशीनवर चादर टाकून बसली होती. "ते दुकानवालं मले म्हणे, सगळं तुमचं," ती म्हणाली. "मी त्याच्या तोंडाकडे पाहून राहिली होती, कागदाकडे नाही पाहिलं." रडली नाही. फसवलं गेल्याचं तिला जेवढं लागलं, त्याहून जास्त लागलं ते गल्लीसमोर कार्डं मोजली गेली ते. चोराच्या घरचा माल मोजतात तशी.

आठ दिवस तिनं मशीनला हात लावला नाही. साधे स्वेटर कोणाला नको होते. साधे तर दुकानातही मिळत होते.

नवव्या दिवशी भीमाबाई पायाचा एक्स-रे घेऊन आनंदरावांकडे निघाली होती. जे इंग्रजी ते सगळं आनंदरावांनाच वाचता येतं अशी तिची श्रद्धा होती. जयवंतानं ती फिल्म हातात घेतली, वाकवली, उजेडाला धरली. जाडी कार्डाएवढीच, लवचिकपणाही तोच.

"मावशी, तुहा पाय बरा झाला नं वं?"

"झाला बाई."

"मंग हे मले दे."

बळीरामकडे तिकिटाला भोक पाडायचा चिमटा होता. सुट्टीच्या दिवशी तो घेऊन आला. जयवंतानं शेजारच्या पोराच्या गणिताच्या वहीतलं चौकटीचं पान घेतलं, रुंदीला कार्डावर असायची तेवढी चोवीस घरं मोजली आणि आठवणीतून नाही, मनातून गुलाब काढायला बसली. नक्कल करायची नाही, हे तिच्या डोक्यात पक्कं होतं. बळीराम भोकं पाडत गेला. गल्लीतून आणखी एक्स-रे गोळा झाले; दोन फिल्म फुकट गेल्या. तिसरी मशीननं घेतली.

गुलाब उतरला तो फुलकोबीसारखा.

कांताबाईनं तो बराच वेळ पाहिला. "चांगलं आहे वं," ती म्हणाली. "कोबी होय नं?"

जयवंता हसली, कितीतरी दिवसांनी. मग तिनं पोपट काढला, त्याला लोक मासा म्हणाले. तिनं ते मान्य करून टाकलं. फिल्म चाळीसेक स्वेटरांनंतर तडकायची, तेव्हा गल्लीत कोणी पडलं-झडलं की आधी चौकशी व्हायची ती एक्स-रे काढला का याची.

फेब्रुवारीत देवपुजारी पुन्हा आले. कांताबाईच्या अंगातला कोबी पाहून त्यांनी वही उघडली, मग कंपनीचा कॅटलॉग उघडला. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बोट फिरवलं.

"हे कोणतं कार्ड?"

"आमचं," जयवंता म्हणाली.

"पण आहे काय हे?"

"तुमाले काय वाटते जी?"

देवपुजारींनी स्वेटर जवळून पाहिला, लांबून पाहिला. कॅटलॉगमधल्या गुलाबाशेजारी धरून पाहिला. अखेर वहीत लिहिलं: 'भाजी. कंपनीची नाही.' आणि खाली तारीख टाकली. त्या दिवशी जयवंतानं चहा ठेवला नाही, त्यांनीही थांबून पाहिलं नाही.

सात नंबरचं कार्ड काही परत आलं नाही. जुने गुलाब धुऊन धुऊन विटत गेले. एखादा रस्त्यात दिसला की जयवंता क्षणभर थांबायची. तिच्या कोबीपेक्षा तो देखणा होता, हे तिनं कधी नाकारलं नाही.

दोन वर्षांनी धरमपेठेतल्या एका बाईंनी मशीन विकायला काढल्याचं कळलं. जयवंता आणि कवडू सायकलरिक्षा घेऊन गेले. यमुताई म्हणून बाई होत्या, टापटिपीच्या. त्यांनी कंपनीची प्रत्येक अट पाळली होती. घरच्या चौघांसाठी चार स्वेटर विणले आणि मशीन झाकून ठेवलं. ते अजून करकरीत होतं.

"कार्डं मात्र तुम्हाला देता येणार नाहीत हो," यमुताई संकोचून म्हणाल्या. "मशीन विकतेय असं कळवलं, तर कंपनीनं ती परत मागवली. मी रजिस्टर पोस्टानं पाठवून दिली. टपालखर्चही माझाच."

"राहू द्या बाई," जयवंता म्हणाली. तिनं मूठ एकदा सरकवून पाहिली, सुया सगळ्या सरळ आहेत याची खात्री केली आणि मशीनचं दुसरं टोक उचलायला कवडूला हाक मारली.