टपाची पहिली घडी

उस्तादांनी सकाळी गुळगुळीत दाढी करून इस्त्रीचा शर्ट चढवला, तेव्हाच आज काय होणार ते सुनेनं ओळखलं. एरवी दुकानात मळक्या बनियनवर बसणारा हा माणूस इस्त्रीचा शर्ट एकाच दिवशी घालायचा. नव्या टपाला पहिली घडी घालायची असेल त्या दिवशी.

जुन्या उघड्या गाड्यांचे कापडी टप शिवणारं शहरात हे एकच दुकान उरलं होतं, आणि दुकानाचा एक नियम होता. नवा टप आठवडाभर ताणून उभा ठेवायचा, मग गिऱ्हाइकासमोर एकट्या माणसानं तो दुमडून सीटमागच्या कप्प्यात बसवायचा. दोघांनी नाही, कारण दोघांचा जोर सारखा नसतो आणि लोखंडी सांगाडा तिरका खाली येतो. कापड पहिल्यांदा जिथं दुमडतं तिथंच ते जन्मभर दुमडत राहतं, म्हणून ज्यानं शिवलं त्यानंच घडी घालायची. चाळीस वर्षं शिवत होते उस्तादच. त्यामुळे या शेवटच्या अटीचा विचार करायची वेळ कुणावर आली नव्हती.

हा टप मात्र सुनेनं शिवला होता. आजारपणातून उठल्यापासून उस्तादांच्या डाव्या हाताची दोन बोटं, त्यांच्याच शब्दांत, 'जरा झोपली' होती. गेल्या महिन्यात तीच बोटं मशीनच्या पट्ट्यात सापडली, आणि फरशीवर रक्ताचे थेंब दिसेपर्यंत त्यांना पत्ताच नव्हता. "खरचटलंय," एवढंच म्हणाले होते.

टपाच्या सांगाड्याला दोन्ही बाजूंना कात्रीसारखे सांधे असतात. सांगाडा खाली येताना त्यांत कापड चिमटू नये म्हणून ते बोटांनी आत सारायचं, आणि सांधा मिटायच्या आत बोटं काढून घ्यायची. कधी काढायची ते बोटांनाच कळतं. झोपलेल्या बोटांना उठवणार कोण?

नवऱ्याला तिनं सकाळीच फोन लावला होता. तो दुसऱ्या गावी कापड आणायला गेला होता. "तूच सांग त्यांना," तो म्हणाला. "मी नको म्हटलं तर मुद्दाम दोनदा घडी घालतील."

ती चारदा दारात जाऊन आली. सांध्यांना तेल दिलं, पुसलं, पुन्हा दिलं. आभाळ भरून आलं होतं. टपाची मागची प्लास्टिकची काच हाताला गारढोण लागत होती.

"मामंजी, जरा ऊन पडू द्या ना. गारठ्यानं काच कडक झालीय, दुमडली तर रेघ पडेल."

"ऊन कशाला? धुणं वाळत घातलंय का?"

"मी म्हणत होते, आज घडी मी बघू का घालून?"

उस्तादांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "गिऱ्हाईक कुणाचं?"

"दुकानाचं."

"आणि दुकान कुणाचं?"

एवढ्यात दाराशी रिक्षा थांबली आणि डोक्याला रुमाल बांधलेल्या दातांच्या डॉक्टरीणबाई उतरल्या. गाडी त्यांची.

"उस्ताद, दिवसभर लोकांना 'आ करा' म्हणते. आज गाडीला म्हणायला आलेय!"

"या, या. एका मिनिटाचं काम आहे," म्हणत उस्ताद गाडीत चढले आणि मागच्या सीटवर गुडघे टेकून बसले.

पुढच्या दोन्ही कड्या त्यांनी उघडल्या. कडेची टिचबटणं टकाटक सोडली. कापड मागे ओढलं, काच सपाट पसरली, तिच्यावर मऊ फडकं अंथरलं. उजवा सांधा उजव्या हातानं मोकळा केला. सगळं असं सफाईनं चाललं होतं, की सुनेला वाटलं, आपणच उगाच जीव टांगणीला लावून बसलो. मग त्यांनी डावा हात डाव्या सांध्यात घातला, उजव्या हातानं सांगाड्याची मधली कमान खाली दाबली, आणि मान वळवून बाईंशी बोलायला लागले.

"बघा, असं लोण्यासारखं..."

कमान खाली येत होती. बोटं आतच होती.

ओरडावं तर बाईंसमोर उस्तादांची शोभा. ती धावली आणि दोन्ही हातांनी कमान खालून वर रेटली. सांगाडा करकरला. कापडाला हिसका बसला आणि काच दुमडून कट्कन वाजली. तिच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरी रेघ उमटली.

"अगं, मधे कशाला कडमडलीस?" उस्ताद गरजले. "आठवड्याचं काम मातीत घातलंस!"

बाई वाकून बघत होत्या. "ही रेघ जाईल ना हो?"

"नाही जाणार," सून म्हणाली. "चूक माझी आहे. मी मधे हात घातला. काच नवी बसवून देते, शनिवारी या."

"शनिवारी नक्की? मी दवाखान्यात सगळ्यांना सांगून बसलेय हो." बाई रुमाल सोडत निघाल्या.

त्यांची पाठ वळताच उस्तादांनी पुन्हा तोंड उघडलं. सुनेनं त्यांचा डावा हात उचलून त्यांच्याच डोळ्यांसमोर धरला. मधल्या दोन बोटांवर सांध्याच्या काळ्या तेलाचा पट्टा होता, आणि पट्ट्याखाली कातडी खोल दबून निळी पडली होती.

उस्तादांनी उजव्या हाताच्या नखानं तिथं दाबून पाहिलं. मग जोरानं दाबलं.

"मला आधी सांगायचं नाही?"

"ऐकलं असतंत?"

"नसतं," ते म्हणाले.

तिनं उसवायचं हत्यार घेतलं आणि काचेची शिवण सोडवायला बसली. मागे उस्ताद येरझाऱ्या घालत होते, मशीनपासून दारापर्यंत, दारापासून गाडीपर्यंत. मग त्यांनी फोन उचलल्याचा आवाज आला.

"बाई, मी उस्ताद. रिक्षात आहात का? मग ऐका. मघाशी चूक सुनेची नव्हती. माझी बोटं सांध्यात होती, मला कळलं नाही. नाही नाही, तुटली नाहीत, तिनं वाचवली. आणि टप तिनंच शिवलाय, अगदी पहिल्या टाक्यापासून. तर शनिवारी घडी तीच घालेल." ते थांबले. "हो. एकटीच."

पलीकडून बाई काय म्हणाल्या ते तिला ऐकू आलं नाही. उस्ताद दोनदा "हो, हो" म्हणाले, फोन ठेवला आणि तिच्यावर खेकसले, "बघत काय बसलीस? उसव. आणि खालच्या बाजूनं उसव, वरून कापड ताणेल."

"माहितेय," ती म्हणाली, आणि खालच्या बाजूनं उसवायला लागली.