खरी जागा

"कुठं टाकलं होतंस जाळं?" जाळ्यातलं शेवाळ काढता काढता दाजींनी विचारलं, जणू सहज आठवलं म्हणून.

मेव्हण्याची होडी माशांनी भरली होती. "बेटाच्या मागं, दाजी. तुम्हीपण संध्याकाळी तिकडंच टाका आणि पार तळापर्यंत सोडा. वरचं पाणी तापलंय, मासा खाली गेलाय."

दाजींनी मान डोलावली आणि मनात म्हणाले, म्हणजे बेट सोडून कुठंही!

या धक्क्यावर मासे लागल्याची जागा कुणी खरी सांगत नसे. मेव्हण्याला ही रीत दाजींनीच शिकवली होती. "मासा पाण्यात, जागा पोटात. आपल्यापुढं जाईल अशी भीती वाटते त्याला खोटं सांगायचं. बाकीच्यांना काय, खरं सांगितलं तरी चालतं." पोरगा शिकला, आणि मग त्यानं होडीत तो पडदा बसवला, पाण्याखालचे मासे ठिपक्यांनी दाखवणारा. दाजी त्याला टीव्ही म्हणत आणि एकटेच हसत. पूर्वी सकाळी लोक त्यांच्या होडीपाशी घुटमळायचे. आता ते सगळे टीव्हीपाशी असत, आणि दाजींचा नुसता जळफळाट होई.

दुपारी बायकोनं ताट वाढलं. "धाकट्यानं केवढा मासा पाठवलाय बघा. माझा भाऊ म्हणून नाही सांगत, पण हात आहे हो त्याच्याकडं."

"हात नाही, टीव्ही आहे. मला नको, पोट भरलंय."

"कशानं? जळून जळून?"

संध्याकाळी दाजींनी बेटाकडे पाठ केली आणि उथळ पाण्यातल्या लव्हाळ्याच्या कडेनं जाळं टाकलं. त्यांना फसवणारा अजून जन्माला यायचा होता. सकाळी जाळं ओढलं तर हाताला वजनच लागेना. शेवाळ, एक फाटकी चप्पल आणि बोटभर मासळी, बस्स. लांब बेटामागून मेव्हण्याची होडी निघाली. ती काठापर्यंत पाण्यात दबली होती. ती बुडावी असं दाजींना क्षणभर अगदी मनापासून वाटलं.

धक्क्यावर मेव्हण्यानं त्यांच्या होडीत डोकावून पाहिलं. "लव्हाळ्याकडं का गेलात? मी बेट सांगितलं होतं ना?"

"खरं सांगितलं होतंस?"

"तुम्हाला खोटं कशाला सांगू, दाजी?"

"गेल्या वर्षीपर्यंत सांगायचास."

मेव्हणा ओशाळून हसला. "तेव्हाची गोष्ट वेगळी होती."

तो हे मायेनं बोलला होता. त्यापेक्षा त्यानं चारचौघांत मुस्काटात मारली असती तर दाजींना परवडलं असतं. ते जाळं गोळा करू लागले.

तेवढ्यात पलीकडच्या होडीतून एक जण ओरडला, "दाजी, ओढ्याच्या तोंडाशीपण चांगलं लागतंय हं! उद्या तिकडं टाकून बघा."

दाजींनी त्याच्या तोंडाकडं निरखून पाहिलं. तोही खरं बोलत होता.