मधला चौकोन

"आगं बये, सुईत दोरा घालतीयास का सुईला नथ घालतीयास?" मी वट्ट्यावरनंच वरडले.

तुळजा काय हसली न्हाई. दोऱ्याचं टोक तोंडात, एक डोळा मिटलेला, आन् म्होरं दोन नातवंडं टक लावून बसलेली. सरू धा वर्सांची, संपा पाच. आज्जी शिवायला शिकवनार म्हनून हातपाय धुऊन बसली हुती लेकरं!

तुळजा माझी शेजारीण. आमची वाडी हडपसरच्या अंगाला. आता म्हनायला पुणं झालंय, पन बिल्डिंगींच्या मधी चार वाफं राहिल्यात, त्यात आमी मेथी-कोथिंबीर काढतो आन् टेम्पोनं मार्केट यार्डाला धाडतो. जुड्या बांधाव्यात तर तुळजानं. पन सुई? जलमात धरली न्हाई. लुगडं फाटलं तर गाठ मारून नेसनारी बाई ती.

तिची लेक कुसुम भादव्यात काविळीनं गेली. पोरं आज्जीकडं आली. जावाई जयसिंग लोणी काळभोरला टेम्पो चालवतो, त्यानं दिवाळी झाली की दुसरी बायकू केली. माय मेली की बाप मावसा हुतो, ते काय खोटं न्हाई. मंग एक दिस आला आन् म्हनला, "मामी, पोरं न्यायची म्हनतो."

तुळजानं घरातनं एक बोचकं आनून त्याच्या म्होरं ठिवलं. कुसुमनं आपलीच जुनी लुगडी एकावर एक घालून गोधडी मांडली हुती. कडंच्या चार फेऱ्या शिवून झालत्या आन् ती आजारी पडली.

"पोरांच्या आईची गोधडी हाय," तुळजा म्हनली. "एवढी पुरी हुऊ द्या. मंग न्या."

"बरं, होळीपतूर थांबतो," म्हनून त्यो गेला.

मी तुळजाला म्हनलं, "मी आन् पल्याडची सोजरबाई बसतो की. चार दिसांत हातावेगळी करतो."

"शिवून नगं मला, बायडे. पोरांना शिकवायचंय. तितं गेल्यावर सदरा उसवला तर कोन शिवनार? परकी बाई कुनाचं शिवती?"

"आडात न्हाई तर पोहऱ्यात कुठनं येनार? तुला तर येत न्हाई!"

"मंग आधी मला शिकीव," म्हनली. आन् बसली की फतकल मारून!

झालं. दुपारी माझ्याकडं शिकायची आन् सांजच्याला तेच पोरांना शिकवायची, जनू लई जुनी मास्तरीण. बोटं सुईनं चाळन झाली. गोधडी कशी, कडंकडंनं धावदोरा घालत आत यायचं, चौकोनात चौकोन, शेवटी मधला चौकोन आला की झाली. तुळजाचा दोरा एकदा तिच्याच लुगड्यात शिवला गेला. उठायला गेली तर समदी गोधडी मागनं आली. संपा हसून हसून लोळला. आई गेल्यापासनं पैल्यांदा हसलं ते पोर.

संपाला चटकन जमलं. वाकडं का हुईना, टाका पडायचा. सरूचं मातूर घोडं पेंड खायचं. तिचं टाके बघून मीच कपाळाला हात लावला. बैल चालता चालता मुतला तसली शिवन!

"आगं, पोरगी असून?" मी म्हनायची. सरू खाली बघायची. तुळजा पुन्यांदा तिचा हात धरून पैल्यापासनं दाखवायची. "आसं वर, आसं खाली. यील गं बाय. मला आलं न्हवं का?"

फेऱ्या आत येत येत मधल्या हातभर चौकोनापतूर आल्या, पन म्होरं गोधडी काय सरंना. रोज दोन फेऱ्या घालायच्या, आन् मधला चौकोन हाय तेवढाच. तुळजा चक्रावली. म्हनली, "बायडे, माजंच शिकवनं वंगाळ दिसतंय. टाका धरतच न्हाई."

एका दुपारी मी इरजन मागायला तिच्या घरात गेले. तुळजा मेथी उपटायला वाफ्यात. संपा भाईर खेळत हुता. आन् सरू गोधडीवर बसून कालचं टाके सुईच्या टोकानं एकेक करून काढत हुती.

"आगं कार्टे! आंधळं दळतंय आन् कुत्रं पीठ खातंय!"

पोरगी दचकली. माजं पाय धरलं. "मावशी, आज्जीला सांगू नगा. गोधडी झाली की आमाला न्हेनार हायती."

इरजन न घेताच मागं आले. घरी येऊन चुलीम्होरं बसले आन् पदर डोळ्याला लावला. सांगितलं न्हाई कुनाला. कुनाच्यानं सांगवलं आस्तं?

होळी झाली. दुसऱ्या दिशी जयसिंगचा टेम्पो दारात. त्यो उंबऱ्यातनंच म्हनला, "मामी, संपाला न्यायला आलोय."

"आन् सरू?"

जयसिंग पायातल्या चपलंकडं बघाया लागला. "ती ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी. घरातल्या बायकूचं म्हननं, पोरगा चालंल. पोरगीचं म्होरं बघू."

माजं डोकंच फिरलं. "जयसिंग, पोरं हायती का मेथीच्या जुड्या, निवडून न्यायला?"

तुळजाचं तोंड पांढरंफटक. तरी कशीबशी म्हनली, "आजून गोधडी व्हायची हाय, दादा. ठरलं हुतं आपलं."

"असू द्या. रजई घेतलीया नवी." त्यानं संपाची पिशवी उचलली. संपा सरूच्या झग्याला धरून हुबा.

सरू म्हनली, "पप्पा, थांबा."

तिनं गोधडी हाथरली आन् मधी जाऊन बसली. दोरा पैल्याच फटक्याला सुईत. आन् हात असा चालाया लागला की मी बघतच राहिले. बारीक, घट्ट, ज्वारीच्या दान्यावानी सारखं टाके. कडंच्या चार फेऱ्या कुसुमच्या हातच्या, आन् ह्यो मधला चौकोन, दोनीत फरक करून दावावा कुनी. जयसिंग टेम्पोत जाऊन बसला, दोनदा हारन वाजिवला. सरूनं मान वर केली न्हाई.

मधला चौकोन भरला. सरूनं दातानं दोरा तोडला, घडी घातली आन् संपाच्या दोनी हातांवर ठिवली. टेम्पोजवळ जाऊन बापाला म्हनली, "रातीचं पांघरून फेकतो ह्यो. पायाकडनं खोचत जा."

टेम्पो गेला. संपाचं रडनं कॅनॉलच्या पुलापतूर ऐकू येत हुतं.

तुळजानं सरूची बोटं हातात धरून बघितली. "सरे, तुला येत हुतं?"

"आईनं शिकिवलं हुतं."

"मंग मला का न्हाई सांगितलंस गं? मी येडी रोज तुजा हात धरून..."

"तुजं शिकवून झालं आस्तं तर आमी गेलो आस्तो." सरू रस्त्याकडंच बघत हुती. "दोगंबी गेलो आस्तो, आज्जी. म्या उसवत बसले, आन् त्यो एकलाच गेला."

तुळजानं तिला पोटाशी धरलं आन् मोकळा गळा काढला. मीबी रडले, का न्हाई रडनार? पोरगी तेवढी रडंना. आज्जीच्या कुशीतनं मान काढून म्हनली,

"त्याला टाका येतोय, आज्जी. पन शेवटची गाठ मारता येत न्हाई. ती मीच मारून द्यायची."