जितीच्या नावाची घागर

मित्रांनो, आधी पंजाबरावाची तक्रार करते, मग माझी ओळख सांगते. माझी ओळख चार ओळींची आहे, त्याची तक्रार जन्माची.

हा माणूस मला विकत घ्यायला आला, तेव्हा त्याने मला तीनदा वाजवून पाहिलं. बोटाच्या पेराने टकटक केलं, कानाशी धरलं, उन्हात फिरवून कुठे चीर आहे का ते पाहिलं. दहा पैशांच्या मातीची एवढी पारख! आणि जिने त्याला पोटात वाहिलं, तिचा आवाज त्याने तीन वर्षं ऐकला नव्हता. माझं बोलणं कोणाला लागेल. लागू द्या. मी काही लोण्याची नाही.

मी मातीची घागर आहे. आता जुनी झाले, गळा फुटला, अंगावर खार चढला. नांदुऱ्याला टेसनाच्या पलीकडे कापसाच्या जिनाचं एक जुनं गोदाम आहे. तिथे कोणी नसलेली आणि कोणी असून नसलेली म्हातारी माणसं राहतात. त्यांच्या अंगणातल्या कडुलिंबाखाली मी बसून असते. तिथली अन्नपूर्णाबाई माझ्यात चिमण्यांसाठी पाणी ओतते. शाळा मी शिकले नाही. कुंभाराची बोटं अंगावर फिरली, त्याच्या रेघा उमटल्या, तेवढीच माझी अक्षरं.

माझा जन्म पिंपळगाव राजाचा. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. कडूबा कुंभाराने तळ्याची माती आणली, त्यात राख आणि लीद कालवली, दोन दिवस पायाने तुडवली. चाकावर मला आकार दिला, थापीने ठोकून ठोकून पोट मोठं केलं. भाजायच्या आव्यात माझ्या शेजारच्या दोघी तडकल्या. मी निघाले ती खणखणीत. कडूबाने मला वाजवलं आणि बायकोला म्हणाला, "ही ज्या घरी जाईन, तिथं भांडन करीन पाह्य."

अखाजीच्या आदल्या दिवशी पंजाबराव आला. अखाजी म्हणजे अक्षय तृतीया. आमच्या वऱ्हाडात त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या नावाने घागर भरतात. गव्हाच्या राशीवर घागर ठेवायची, गळ्यात सूत बांधायचं, वर आंबा ठेवायचा. पाणी ओतताना गेलेल्याचं नाव घ्यायचं, म्हणजे ते पाणी त्याला पोचतं. मग ती घागर दान द्यायची. वैशाखातलं पाणी, त्याहून मोठं दान कोणतं?

मला वाटलं, चांगलं घर मिळालं. पाटलाचं घर, दोन बैलजोड्या, अंगणात चिंच, चिंचेखाली आड. भाऊबंद जमले होते. पंजाबराव तांब्या घेऊन माझ्यासमोर बसला आणि त्याचा हात थांबला. त्याची बायको कोकिळा पदर तोंडाशी धरून मागे वाकली. मी तिच्या जवळ होते, म्हणून मलाच ऐकू आलं.

"अवो, जित्या माणसाची घागर भरता? हात नाही कापत?"

"गप," तो म्हणाला. "आता मागं सरता येते का?"

मग घसा खाकरून मोठ्याने म्हणाला, "सत्यभामाबाई. माय, पानी घे."

मित्रांनो, आव्यात मला इतका चटका बसला नव्हता.

खरी गोष्ट मला पुढे कळली, ती अशी. तीन वर्षांपूर्वी पोळ्याच्या जेवणात सत्यभामाबाई पाहुण्यांदेखत सोयऱ्याला काही तिखट बोलली. तिची जीभ मिरचीच. पंजाबराव सगळ्यांसमोर ओरडला, "माय, तू तोंड बंद ठेव!" ती पानावरून उठली. म्हणाली, "ज्या घरात माह्या तोंडाले कुलूप, त्या घरचं पानी मी आता मेल्यावरच पिईन." गाठोडं बांधलं आणि नांदुऱ्याच्या मोटारीत बसली. तिला वाटलं, चार दिवसांनी पोरगा न्यायला येईल. त्याला वाटलं, चार दिवसांनी माय परत येईल. दोघेही एकाच मातीचे, आपापल्या जागी बसून राहिले.

गाव विचारू लागलं. पाटलाची माय धर्माच्या घरात जेवते, हे कसं सांगायचं? पंजाबराव म्हणाला, तीर्थाला गेली. वर्ष झालं, तीर्थ काही संपेना. दुसऱ्या वर्षी तो म्हणाला, काशीला गंगेत न्हाताना गेली. मग भाऊबंद म्हणाले, माय गेली म्हणतो अन् घागर काऊन नाही भरत? एक खोटं उभं राहिलं की त्याला टेकू लागतो. या खोट्याचा टेकू मी.

दरसाल घागरी गावच्या मठात जात. पण मठात ठेवायला जागा उरली नव्हती. सरपंच किसनराव म्हणाले, "औंदा नांदुऱ्याच्या म्हाताऱ्याइले देऊ. तिथं थंड पाण्याचे हाल हायेत." दान द्यायची घागर रिकामी जात नाही, म्हणून प्रत्येकीत त्या त्या घरचं चार तांबे पाणी ठेवून तोंडाला फडकं बांधलं. दुसऱ्या दिवशी पहाटे कडूबाच्या गाडीत कडब्यावर आम्हा चौदा जणींना बसवलं. घागरी कुठे निघाल्या ते पंजाबरावाला तेव्हा कळलं. तो धावत आला.

"माही घागर राहू द्या."

"काऊन?" किसनरावांनी विचारलं.

पंजाबरावाने तोंड उघडलं. मी वाट पाहिली. गाडीचे बैलही थांबले होते. एक शब्द बोलला असता, तर हे सगळं तिथेच मिटलं असतं. त्याने तोंड मिटलं. गाडी निघाली.

दान येणार म्हणून नांदुऱ्यात अन्नपूर्णाबाईने अखाजीचा सण एक दिवस पुढे ढकलला होता. ती त्या घराची स्वयंपाकीण आणि कारभारीण, दोन्ही. म्हाताऱ्यांचा सण, आज काय अन् उद्या काय. तरी तिने पुरण शिजवलं होतं, कुरडया तळल्या होत्या, आंब्याचा रस काढला होता. लिंबाखाली दोन रांगांत माणसं बसली होती. कडूबा एकेक घागर उचलायचा, नाव सांगायचा. ज्याच्या पुढे घागर येई त्याने ओंजळीत पाणी घ्यायचं, प्यायचं आणि गेलेल्याचं नाव घेऊन म्हणायचं, पावलं.

उकंडराव सगळ्यांत म्हातारा. जन्मभर लोकांच्या शेतात राबलेला, दात एकही नाही, पण हसणं थांबत नसे. त्याने विचारलं, "माह्या घागरीत कोन हाये रे कडूबा? बाई असन तं बदलून दे. या वयात नवी सोयरीक नोको."

सगळी पंगत हसली. कडूबाही हसत हसत माझ्यापाशी आला. माझ्या गळ्यातलं सूत पाहून म्हणाला, "ही पंजाबराव पाटलाच्या घरची. त्याची गेलेली माय, सत्यभामाबाई." आणि मान खाली घालून मला पुढे केलं.

समोरचे हात मला घ्यायला आले आणि अर्ध्यावर थांबले. मनगटावर हिरवं गोंदण होतं. कडूबाने वर पाहिलं. त्याच्या हातातून मी सुटतेच की काय, असं झालं.

"पा... पाटलीणबाई?"

 अन्नपूर्णाबाईच्या वाटीतून रस सांडला, तिला कळलं नाही. मग ती धावत आली. "मावशी, नका घेऊ. कडूबा, ठेव ते घागर बाजूले!"

"काऊन?" सत्यभामाबाई म्हणाली. "पंगतीत माहा नंबर हाये." मग कडूबाकडे पाहिलं. "कवा गेली म्हने मी?"

"परसालच्या... परसालच्या माघात," कडूबा म्हणाला. "कासीले. गंगेत न्हाता न्हाता."

"कासीले नेलं का मले? बरं केलं. जितेपनी तं त्यानं मले शेगावलेबी नेलं नाही."

कोणी हसलं नाही. उकंडरावसुद्धा नाही.

तिने ओंजळ पुढे केली. कडूबाने मला वाकवलं. मी ते पाणी द्यायचं नाही म्हणून जीव आवळून धरला, पण घागरीचं काय चालतं? पाणी तिच्या हातात पडलं. तिने घोट घेतला आणि डोळे मिटले. तिला चव ओळखू आली. चिंचेखालचा आड तिने स्वतः उभं राहून खणून घेतला होता. तीन वर्षांनी तिच्या घरचं पाणी तिच्या घशाखाली उतरलं, आणि कसं उतरलं!

"पावलं," ती म्हणाली. आवाज खणखणीत होता. "सत्यभामाबाईले पावलं."

मग तिने पान पुढे ओढलं आणि पानातली पोळी शेवटच्या घासापर्यंत खाल्ली.

कडूबा गाडी जुंपताना ती त्याच्यापाशी गेली. "गावात एक शब्द बोलशील तं पाह्य. पाटलाच्या पोराले लोक लबाड म्हनतीन. माहं लेकरू हाये ते. त्याले येवढंच सांगजो, घागर पावली."

ते वर्ष मी तिच्या बाजेपाशी काढलं. ती दुसऱ्या घागरीचं पाणी पीत नसे. मला रोज घासायची, ओल्या फडक्यात गुंडाळायची, उन्हातून सावलीत सरकवायची. लोक म्हणत, या घागरीसारखं गार पाणी कुठे नाही. मी पाझरायचे म्हणून पाणी गार व्हायचं. ती मात्र कधी पाझरली नाही.

पोळा आला. जन्मभर बैलांमागे चाललेली माणसं, त्यांच्या दारात बैल नाही. उकंडरावाने चिखलाचे बैल केले, शिंगांना चुना लावला, आणि पाच म्हाताऱ्यांनी ते लिंबाला फिरवून आणले. अन्नपूर्णाबाईने मातीच्या बैलांना ओवाळलं. उकंडराव आपल्या बैलाच्या कानात काही तरी बोलला आणि मग तोंड फिरवून बसला. दिवाळीला सगळ्यांनी पहाटे आंघोळ केली, नवं नाही तरी धुतलेलं घातलं, आणि दिवसभर प्रत्येकजण फाटकाकडे तोंड करून बसला. कोणी विचारलं तर म्हणायचे, उन्हाले बसलो. सत्यभामाबाई म्हणायची, "मेलेल्याले दिवाळी नसते. फराळ आन." पण खुर्ची तिचीही फाटकाकडेच.

संक्रांतीला उकंडरावाने तिच्या हातावर तिळगूळ ठेवला. "घ्या पाटलीणबाई, गोड बोला."

तिने तिळगूळ पदराला बांधला. "गोड बोलता आलं असतं बाप्पा, तं इथं कायले आली असती?"

ते एवढंच. त्यानंतर ती त्यावर कधी बोलली नाही. तिच्या बाजेखाली एक गाठोडं होतं. दोन लुगडी, एक पितळी तांब्या, देवाची डबी. ती आली त्या दिवसापासून ते बांधलेलंच होतं. लुगडं बदललं की काढायची आणि पुन्हा गाठ मारायची. चार वर्षं. माणूस गाठोडं बांधून का ठेवतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

पुढे दोन वर्षांनी ती खरोखर गेली. त्या गडबडीत मी पडले आणि माझा गळा फुटला. तेव्हापासून मी चिमण्यांची. अशा गोष्टीच्या शेवटी आमच्यासारख्यांनी काही शिकवायचं असतं म्हणे. मला एकच ठाऊक आहे. घागर रोज भरावी लागते. वर्षभर उन्हात कोरडी टाकून एका सणाला भरली, तर ती तडकते, मग तुम्ही तिला कितीही वाजवून घेतलेली असो. तुमच्या घरी जुनं माणूस असेल तर आज त्याच्याजवळ जा, त्याच्या नावाने हाक मारा. बाकीचं सत्यभामाबाई जे बोलली, तेच सांगते. ते ऐकायला पंजाबराव आला होता.

तो आला ती जिती असतानाच, मी आले त्याच्या पुढच्याच अखाजीला. सकाळीच, पायी. खांद्यावर नवी घागर, चिंचेखालच्या आडाच्या पाण्याने भरलेली. वाळला होता. येऊन तिच्या बाजेपाशी जमिनीवर बसला.

"माय."

"कोनाची माय?"

"घरी चाल. मले पुन्हा तुह्या नावानं पानी ओतवत नाही. कोकिळा रोज रडते."

 मी खाली होते, मला दिसलं. तिचा हात बाजेखाली गेला आणि गाठोड्यावर टेकला. गाठ चाचपली. मित्रांनो, त्या क्षणी मी या माणसाला सगळं माफ केलं होतं.

"गावाले काय सांगशील?" तिने विचारलं.

पंजाबरावाने फाटकाकडे पाहिलं. मग आवाज बारीक केला. "मावशी हाये म्हनून सांगू. मायची बहीन. तोंडावळा सारखाच असते. कोनी काही म्हननार नाही. मी समद्यादेखत तुले मावशी म्हनीन, घरात माय म्हनीन."

गाठोड्यावरचा हात तसाच राहिला. मग सावकाश मागे आला आणि मांडीवर बसला. अंगणात उकंडराव खोकत होता. पुरण शिजत होतं, त्याचा वास येत होता. पंजाबरावाने नव्या घागरीतून तांब्या भरून तिच्यापुढे धरला. तिने तो घेतला नाही. त्याच्या डोक्यावर हात ठेवला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"माहं पानी मले मागच्या सालीच पावलं. घेऊन जाय हे. मेल्यावर तू लय चांगला पोरगा निघाला, पंजाब. जितेपनी निघाला असता, तं मले मरा लागलं नसतं."