उंबऱ्याला लागलेलं पाणी

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी भरतीचं पाणी थोरलीच्या उंबऱ्याला लागलं. तिने केरसुणी खुंटीला अडकवली, दाराशी वाळूचं पोतं सरकवलं आणि चहा ठेवला. या महिन्यातली ही पाचवी वेळ.

बेटावर एक रीत आहे. जिचा नवरा समुद्राने नेला, तिने भरतीरेषा ओलांडायची नाही. ओलांडली, तर समुद्र तिच्या घरातला आणखी एक माणूस मागतो. रेषा कळावी म्हणून चुना फासलेले दगड ओळीने ठेवलेत. नवरा गेल्यापासूनच्या नऊ वर्षांत थोरलीचं पाऊल त्या दगडांपलीकडे गेलेलं नाही.

मधल्या काळात पाणी तापलं, मासे खोल समुद्रात गेले, होड्या किनाऱ्यावर उपड्या पडून राहिल्या. लोकांनी समुद्री शेवाळाची शेती धरली. ओहोटीला उथळ पाण्यात खुंट ठोकायचे, दोऱ्या ताणायच्या; एकेका घराचा असा एक वाफा. त्या दोऱ्यांना रोपं बांधून देण्याचं काम थोरली ओसरीत बसून करते. मागच्या उन्हाळ्यात रोपं पांढरी पडू लागली, तेव्हा परत आलेल्या दोऱ्या चाचपून तिनेच सांगितलं होतं, "हातभर खाली बांधा, गार पाण्यात." पीक वाचलं. ती अजून एकदाही वाफ्यांपर्यंत गेलेली नाही.

आज दुपारी बाराला वाफ्यांची यादी बंद होणार होती. वाफा असलेली घरं बेटावर राहणार, बाकीच्यांना पलीकडच्या किनाऱ्यावर खोल्या मिळणार. अट एकच: पहिली दोरी मालकाने स्वतः पाण्यात उतरून बांधायची. एकविसावा वाफा रिकामा होता.

सातला दीर आणि जाऊ आले. दीर वाफ्यांच्या मंडळाचा अध्यक्ष, यादी त्याच्याकडेच होती.

"ताई, सामान बांधलंत?" जाऊने विचारलं.

"रोपं बांधली. सामान राहिलं."

"थट्टा नको. तिकडे घरात नळ आहे."

"नळाशी गप्पा मारू?"

जाऊ हळू आवाजात म्हणाली, "माझा माणूस रोज पाण्यात असतो, ताई."

दीर घसा खाकरून म्हणाला, "वहिनी, मी काही वाईट नाही. पण लोक काय म्हणतील?"

"भावजी, चपला हातात का?"

"पाणी आहे बाहेर, पोटरीपर्यंत."

"म्हणजे तो समुद्रच की. मी महिनाभर समुद्रात स्वयंपाक करतेय. नेलं त्याने तुम्हाला?"

"दगड अजून तिथेच आहेत, वहिनी."

"मग पाण्याला सांगा, दगडांपाशी थांब म्हणून. तुम्ही अध्यक्ष, तुमचं ऐकेल."

जाऊला हसू आलं. तिने ते पदरात दाबलं.

अकराला ओहोटी लागली होती. थोरली दोरी खांद्यावर टाकून निघाली. किनाऱ्यावर बायका होत्या. कुणी अडवलं नाही, कुणी सोबतही आलं नाही. दगडांपाशी ती क्षणभर थांबली आणि पुढे गेली. कंबरभर पाण्यात, एकटीने, तिने दोन्ही खुंटांना दोरीच्या गाठी मारल्या. अकरा चाळीस झाले होते.

चारला पाणी पुन्हा बरंच चढलं होतं. एकविसाव्या वाफ्यात दोरी ताणलेली आहे. यादीच्या फळ्यावर एकवीस या आकड्यापुढची नावाची जागा अजून कोरी आहे. खडू दिराच्या हातात आहे. आज तो पाण्यात उतरलेला नाही, आणि जाऊ दगडांपाशी उभी आहे.