शेजाऱ्याची हरकत

आधीच सांगतो, मी वाईट माणूस नाही. असं आधीच सांगणारा माणूस कसा असतो ते मलाही कळतं, तरी सांगतो. चौदा वर्षं मी इथे आखातात, करामा भागातल्या एका टायपिंग सेंटरमध्ये काउंटरवर बसून लोकांचे अरबी अर्ज टाईप करतोय. व्हिसाचे, भाड्याचे, लग्नाचे, मयताचे. एक शब्द इकडचा तिकडे झाला की समोरच्या माणसाचं काय होतं, ते मला चांगलं माहीत आहे. म्हणून तर झोंबतंय.

आमची बिल्डिंग जुनी, तीन मजल्यांची. तळमजल्यावर आमचा स्टुडिओ, म्हणजे नाव इंग्रजी आणि खोली एकच. भिंतीला भिंत लागून खतीजाभाभींचं शिवणकामाचं दुकान. भाभी खेडच्या, मी श्रीवर्धनचा. त्या मला रोशनभाऊ म्हणतात. राहायला त्या वर, तिसऱ्या मजल्यावर एका खोलीत, मुलीसोबत. झारा तिचं नाव, बारावीला आहे.

आता ते दुकान म्हणजे खरं तर दोन खोल्यांचं घर. भाभींचे मिस्टर हमदुल्लाभाई, त्यांनी बारा वर्षांपूर्वी खास परवानगी काढून तिथे मशिनी टाकल्या. राहत्या बिल्डिंगमध्ये छोटं दुकान चालवायचं तर अशी परवानगी लागते, आणि तिला अटी असतात. त्यातली मोठी अट ही, की दुकान चालू पाहिजे. सलग सहा महिने बंद राहिलं की परवानगी खलास, जागा पुन्हा घर. परवानगी गेली की लायसन्स जातं, आणि लायसन्सवर भाभींचा व्हिसा, भाभींच्या व्हिसावर झाराचा. एक वीट काढली की सगळंच खाली.

हमदुल्लाभाई मागच्या वर्षी गेले. भाभी इद्दतीला, म्हणजे नवरा गेल्यावर घरात राहून पाळायच्या दुखवट्याला बसल्या, चार महिने दहा दिवस दुकानाला कुलूप. इद्दत संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला भिंतीपलीकडे मशीन सुरू झालं. दर्शना, माझी बायको, चहा गाळता गाळता म्हणाली, "बरं वाटलं हो ऐकून." मलाही वाटलं. खोटं कशाला बोलू.

पण भाभी दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवायच्या. जेवण, नमाज, जरा पाठ टेकायची. आणि तपासणीवाले दोनदा आले ते दुपारी दोन वाजता. दोन्ही वेळा कुलूप. त्याआधी कुणीतरी तक्रार केलेली होतीच, की दुकान वर्षभर बंद आहे. कुणीतरी म्हणजे बदरुद्दीन. मालकाचा माणूस तो, भाडं गोळा करणारा. दुकानाचं भाडं जुन्या करारातलं होतं, मालकाला ती जागा मोकळी हवी होती. भाभींनी बिलबुकं दाखवली, तर हा म्हणे, बिलबुक काय कुणीही घरी बसून लिहितं. मग परवानगी देणाऱ्या ऑफिसने सुनावणी लावली आणि सांगितलं, शेजारचा एक साक्षीदार आणा.

शेजारचा म्हणजे मीच. त्यांचा अर्जसुद्धा मीच टाईप केला होता, एक दिरहमही न घेता.

आता माझ्या घरातलं सांगतो, म्हणजे तुम्हाला वाटेल मी सबब देतोय. देतोच आहे. आमची अस्मी चौदा वर्षांची. एका खोलीत आम्ही तिघं. तिच्यासाठी मी प्लायवूडचं पार्टिशन घातलं होतं, छान छोटी खोली झाली होती, तिने आत चित्रंबित्रं लावली होती. गेल्या वर्षी सगळ्या एरियात तपासणी झाली, पार्टिशन बेकायदा, आठ दिवसांत काढा. काढलं. तेव्हापासून पोरगी कपडे बदलायला बाथरूममध्ये जाते आणि अभ्यासाला कपाटाकडे तोंड करून बसते. मी काही विचारलं की "आय ॲम फाईन, पपा." इतकंच. दिवसभर दुसऱ्यांच्या भाड्याचे करार टाईप करणाऱ्या बापाला पोरीला एक दार देता येत नाही. माझं डोकं तापायचं, आणि तो राग मी दर्शनावर काढायचो.

सुनावणीच्या चार दिवस आधी बदरुद्दीन सेंटरमध्ये आला. इकडचं तिकडचं बोलला आणि जाता जाता म्हणाला, "रोशनभाई, वो शॉप वापस फ्लॅट बनेगा ना, तो दो कमरा है. मालिक बोला, अपने पुराने आदमी को देगा. पैंतालीस हजार में. सोच लो." पंचेचाळीस हजार दिरहम, म्हणजे साधारण साडेदहा लाख रुपये वर्षाला. बाहेर तसल्या घराला सत्तर हजारसुद्धा पुरत नाहीत. मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

सुनावणीची खोली साधी होती, लांब टेबल आणि पलीकडे तीन माणसं. एकेकाला आत बोलवत होते. भाभी आधी जाऊन आल्या, बाहेर बाकावर बसल्या. मग मी. मधला साहेब इथलाच अरब, वयस्कर, मऊ बोलणारा. आपल्या लोकांशी बोलून बोलून त्याला हिंदी येत होतं. त्याने माझं कार्ड पाहिलं, पत्ता विचारला, आणि मग सरळ विचारलं, "भाई, वो दुकान में हरका है?"

हरका म्हणजे वर्दळ, हालचाल, धंदा. करामात दुकानदार एकमेकांना सकाळ-संध्याकाळ विचारतात, आज हरका आहे का? हा शब्द मी हजार वेळा टाईप केलाय. त्याच दिवशी सकाळीही केला होता. मला फक्त हो म्हणायचं होतं. रोज सकाळपासून मशीन चालतं, बायका येतात, शाळेचे युनिफॉर्म येतात, हो.

आणि मी म्हणालो, "हरकत नाही."

अगदी आपल्या मराठीत, त लावून. जसं आपण कुणाला म्हणतो, बसा की, हरकत नाही. माझ्या डोक्यात ते आधीपासून तयार होतं, चार दिवसांपासून, हे मी आज कबूल करतो. उद्या कुणी गचांडी धरली तर म्हणायचं, अहो, मला वाटलं साहेब विचारतायत शेजारी म्हणून तुमची काही हरकत आहे का. साहेबाने मान वर केली. "मा फी हरका? बिल्कुल नहीं?" मी मान हलवली. त्याने लिहून घेतलं. खरी चूक असती तर तिथेच दुरुस्त झाली असती. त्याने मला वेळ दिला होता.

तासाभराने निकाल सांगितला. शेजाऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे दुकानात कामकाज नाही, परवानगी रद्द. पंधरा दिवसांत अपील करता येईल. भाभी कागद हातात घेऊन माझ्याकडे बघत राहिल्या. मी म्हणालो, "भाभी, मी तर... मी म्हणालो..." सगळी तयारी केलेली, आणि ऐन वेळी वाक्य पुरं होईना.

भाभीच म्हणाल्या, "तुम्ही आपल्या मराठीत हरकत नाही म्हणालात का, भाऊ? माझी काही हरकत नाही, असं?"

मी म्हणालो, "हो ना."

"आणि त्यांना वाटलं, हरका नाही."

"हो ना, भाभी."

"साहेबासमोर माणूस गोंधळतो," त्या म्हणाल्या आणि कागदाची घडी घातली. टॅक्सीत मला इतकं हलकं वाटलं की त्याचीच लाज वाटली.

नंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. भाभी बिल्डिंगमध्ये ज्याला त्याला हेच सांगत होत्या, बिचारे रोशनभाऊ, शब्दाने घात केला हो. लोक मला जिन्यात अडवून समजूत घालायचे. कुणी हसायचं, चेष्टा करायचं, काय राव, अरबी टाईप करून करून मराठी विसरलात की मराठी बोलून बोलून अरबी. दर्शनाने तर भाभींच्या गळ्यात पडून माझ्या वतीने माफी मागितली. मला जेवण जाईना. रागही यायचा, कुणाचा ते कळायचं नाही. एकदा दर्शनाला म्हणालो, बास करा आता तो विषय, माणूस मेलाय का कुणी. आणि मग आठवलं, मेलाय की.

पाचव्या दिवशी भाभी सेंटरमध्ये आल्या. अपील दाखल केलं होतं, मंगळवारी अकरा वाजता बोलावलं होतं. "तुम्ही फक्त येऊन एवढंच सांगा, की मी मराठीत बोललो. बाकी काही नको. साहेब समजूतदार आहेत, म्हणाले, शेजाऱ्याला घेऊन या, पुन्हा विचारतो."

"इन्शाल्ला," मी म्हणालो.

इथे राहणाऱ्याला सांगायला नको, इन्शाल्ला कितीतरी प्रकारे म्हणता येतं, नाही न म्हणता नाहीसुद्धा. त्या गेल्या. त्याच संध्याकाळी बदरुद्दीनचा फोन आला, त्याने कराराचा मसुदा पाठवलाय म्हणून. टाईप मलाच करायचा होता. दोन बेडरूम नव्हेत, पण दोन खोल्या, दोन दारं. मी तो टाईप केला.

मंगळवारी मी सेंटरमध्ये बसलो होतो. गर्दीही नव्हती, खरं सांगायचं तर. अकराला पाच कमी असताना फोन वाजला, मग अकरा दहाला, मग साडेअकराला. मी फोन खणात टाकला. समोर एक पंजाबी ड्रायव्हर मुलाच्या जन्मदाखल्याचं भाषांतर घ्यायला बसला होता. "भाईसाब, आपका फोन," तो म्हणाला. मी म्हटलं, कंपनीवाले आहेत, लोन विकतात. संध्याकाळी भाभींना सांगितलं, मॅनेजरने सोडलंच नाही. त्या म्हणाल्या, "असू दे, भाऊ." अपील फेटाळलं गेलं होतं.

महिन्याभरात सगळं उरकलं. मशिनी देरातल्या एका दुकानदाराने नेल्या. झाराच्या शाळेतून दाखला निघाला, बारावी आता खेडला, अर्ध्या वर्षात नवं बोर्ड. वीस तारखेचं विमान होतं. जाण्याच्या आदल्या दिवशी सकाळी मी चावी घ्यायला दुकानात गेलो. ते रिकामं होतं. भाभी खाली बसून फरशीवरचे दोरे फडक्याने गोळा करत होत्या. आम्ही येणार म्हणून जागा स्वच्छ करून देत होत्या.

ते बघून मला राहवलं नाही. मी म्हणालो, "भाभी, ते राहू द्या. मला एक सांगायचंय. त्या दिवशी माझा गोंधळ झाला नव्हता. मला माहीत होतं साहेब काय विचारतायत. मी जाणूनबुजून तसं म्हणालो. ह्या जागेसाठी."

मला वाटलं त्या रडतील, शिव्या देतील, निदान हातातलं फडकं फेकतील. मी त्याची वाटच बघत होतो. शिव्या खाल्ल्या असत्या म्हणजे सुटलो असतो.

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. हात थांबले नाहीत. "दारातून तुमचं हरकत नाही बाकावर ऐकू आलं, तेव्हाच कळलं होतं. चौदा वर्षं अरबी टाईप करणाऱ्याला हरका कळत नाही, असं कोण मानेल, भाऊ?"

"मग तुम्ही सगळ्यांना..."

"तो मराठीचा घोळ मीच जुळवला. तुम्हाला बोलता येईना, म्हणून मी बोलले. म्हटलं, पोरीसाठी माणसाचा पाय घसरला, पण माणूस तसा नाही. त्याला मागे फिरायला जागा राहिली पाहिजे. चारचौघांत मान खाली न घालता. म्हणून रोज दारोदार तेच सांगत फिरले, की भाऊंची चूक झाली, भाऊंची चूक झाली. तुम्ही मंगळवारी येऊन नुसतं हो म्हणाला असता, तर कुणाला काही कळलं नसतं. मीही कधी बोलले नसते."

त्या उठल्या, चावी माझ्या हातात दिली.

"ज्या दिवशी हरकत म्हणालात ना, त्या दिवशी मला तुमचा राग नव्हता आला," भाभी म्हणाल्या. "मंगळवारी मी दीड वाजेपर्यंत त्या ऑफिसच्या दारात उभी होते. साहेब तीनदा बाहेर येऊन विचारून गेले, तुमचा शेजारी आला का म्हणून."